कालची नोंद आज पाहायची नसते

प्रिय छकुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या वरिष्ठांनी वार्षिक अहवालात लिहिलेले वाक्य वाचून दाखवलेस, ‘बुद्धी आहे, परंतु चिकाटी नाही’, आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, असल्या शेऱ्यांकडे लक्ष देऊ नये. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. अठ्ठावीस वर्षे वर्गात उभी राहिल्यामुळे हा ‘बरं’ मला चांगला ओळखता येतो; समोरच्याला काही पटलेले नसते, त्याला फक्त विषय संपवायचा असतो. म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्या वाक्यासारखेच वाक्य तू पहिल्यांदा ऐकलेस ते माझ्याच तोंडून, आणि परवा ते सांगायचे मी टाळले.

आधी माझ्याविषयीचे लिहिते, कारण ते लिहायला सोपे आहे. तू लहान असताना मी रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवू लागले, हे तुला अंधुक आठवत असेल. हे तारे कमी-जास्त तेजस्वी होत राहतात. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा त्यांतला प्रसिद्ध तारा सुमारे 332 दिवसांत एक फेरा पूर्ण करतो. त्या काळात काही आठवडे तो नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो आणि मग इतका मंदावतो की दुर्बिणीशिवाय सापडत नाही. खगोलनिरीक्षक डाव्हिड फाब्रिसियसने 1596 साली तो पाहिला, पुढे तो मंदावून दिसेनासा झाला, तेव्हा तो कायमचाच विझला असे त्याला वाटले. 1609 साली त्याला तो पुन्हा त्याच जागी दिसला. हा फेरा नियमित आहे हे ध्यानात यायला 1638 साल उजाडले.

निरीक्षणाची रीत साधी वाटते, पण ती हाताला लागायला मला दोन हिवाळे लागले. ज्यांची प्रत, म्हणजे तेजस्वीपणाचे माप, आधीच ठरलेली आहे असे जवळचे दोन तारे घ्यायचे, एक आपल्या ताऱ्याहून थोडा तेजस्वी आणि एक थोडा मंद, आणि आपला तारा या दोहोंच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते प्रतीच्या दहाव्या भागापर्यंत ठरवायचे. मीरा तांबूस आहे, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो आहे त्याहून तेजस्वी भासू लागतो, म्हणून त्याच्यावरून नजर झटकन फिरवावी लागते. शिवाय एक नियम आहे, तो मला शिकवणाऱ्या वयस्क निरीक्षकाने पहिल्याच रात्री बजावला होता: आजचा अंदाज लिहून होईपर्यंत कालची नोंद पाहायची नाही. कालचा आकडा डोक्यात असला की डोळे तोच शोधतात. मला हा नियम मुळीच जमत नसे. मी वही चोरून पाहत असे, आणि माझ्या नोंदी इतक्या सुबक येत की त्यावरूनच त्यांच्यातली लबाडी उघडी पडली.

सकाळी डोळे लाल, टेबलावर ताऱ्यांची वही, एवढे पाहून त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी शेरा लिहिला की बाह्य छंदामुळे अध्यापनाकडे दुर्लक्ष होते. डोळे लाल होते हे खरे, वहीही खरी. त्या दोहोंची बेरीज तेवढी चुकली होती. वस्तुतः त्याच वर्षी माझे शिकवणे सुधारले होते. अंधारात उभे राहून, आपल्याला येत नाही हे रोज रात्री अनुभवणाऱ्या माणसाला, दशांश अपूर्णांक न कळणाऱ्या मुलावर सकाळी खेकसता येत नाही. पण हे मी कोणाला सांगितले नाही. दुर्बीण पेटीत ठेवली, दोन वर्षे ‘कर्तव्यदक्ष’ राहिले, आणि पुढचे दोन्ही अहवाल निर्दोष आले. त्या दोन वर्षांतल्या मुलांना मी कशी वाटले असेन, याचा विचार आजही मला सुखाचा वाटत नाही.

आता अवघड भाग. दुर्बीण पुन्हा बाहेर काढल्यानंतरची गोष्ट आहे. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाला मी एका उदाहरणात दहापैकी चार गुण दिले. उत्तर बरोबर होते, पायऱ्या गाळलेल्या होत्या, म्हणून समासात ‘आळस’ असे लिहिले. तासाभराने वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीची उत्तरपत्रिका हाती आली. तिनेही त्याच पायऱ्या गाळल्या होत्या. तिला मी सात गुण देऊन पुढेही गेले होते, आणि मग हात थांबला. दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या: ओळीला ओळ तीच, अक्षर तेवढे वेगळे. मी उदाहरण तपासलेच नव्हते, कालची वही उघडून बसले होते. त्या मुलाचे गुण वाढवले आणि शेरा खोडला, पण खोडलेला शेरा वाचता येतो, आणि त्याने तो वाचला. तेव्हापासून मी नावाचा कोपरा दुमडून उत्तरपत्रिका तपासते. अक्षर ओळखू येतेच, त्याला माझा इलाज नाही.

आणि तू. सातव्या वर्षी तू हात काढायचीस. माणसे नाहीत, झाडे नाहीत, नुसते हात: कणीक मळणारे, खिशात घातलेले, माझा खडू धरलेला. सांगावे लागत नसे, थांबवावे लागत असे. मला ते पाहून इतका आनंद झाला की मी तुला शिकवणी लावली, परीक्षांना बसवले आणि पहिल्या प्रमाणपत्राला चौकट करून ते भिंतीवर टांगले. तिसऱ्या परीक्षेआधी तू चित्रे काढणे सोडलेस. पुढे पोहणे सोडलेस, पेटी सोडलीस, आणि प्रत्येक वेळी मी ‘धरसोड’ हा शब्द आधीच्या नोंदीवरून उतरवून काढला.

पुष्कळ वर्षांनी एका प्रशिक्षणवर्गात 1973 सालच्या एका प्रयोगाची माहिती मिळाली. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुले निवडली होती, ज्यांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषय नसताना, याच मुलांनी चित्रकलेला इतरांच्या सुमारे निम्माच वेळ दिला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र आधी न सांगता दिले होते, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. सगळे प्रशिक्षणार्थी टिपणे घेत होते. मी मात्र आपल्या भिंतीवरची ती चौकट आठवत बसले होते. बक्षीस वाईटच असते असे मी म्हणत नाही, आणि तू केवळ त्यामुळेच चित्रे सोडलीस असा दावाही करत नाही. ते तूच जाणतेस आणि मी तुला कधी विचारले नाही.

तुझे वरिष्ठ चूक आहेत की बरोबर, ते मला इथे बसून सांगता येणार नाही. त्यांनी काय पाहिले आणि त्याची बेरीज कशी केली, हे त्यांना शांतपणे विचारावे असे मला वाटते. मी माझ्या वेळी विचारले नव्हते. एवढे मात्र नक्की, की त्या वाक्यावर तू इतक्या सहज विश्वास ठेवलास, त्यात माझ्या शब्दाचा वाटा मोठा आहे.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना तुझ्या हातांच्या चार वह्या सापडल्या. खडूवाला हात तिसऱ्या वहीत आहे, अंगठा चुकला आहे, बाकी तो माझाच आहे. वह्या सोबत पाठवते. चौकटीतले प्रमाणपत्र ठेवून घेतले आहे, कारण ते तुला नकोच होते, मला हवे होते.

तुझी,
आई