‘गुणी’ बाळाची साडेसहा तासांची झोप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नवजात बाळांच्या झोपेवर आलेला लेख वाचला. लेख चांगला होता, पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले. ‘झोपलेल्या बाळाला दुधासाठी उठवू नये, भूक लागली की ते आपणहून उठेल.’ याच समजुतीवर विसंबून मी माझ्या पहिल्या मुलीला पाचव्या दिवशी काविळीच्या उपचारासाठी निळ्या दिव्याखाली पोचवलं होतं. आणि दुसऱ्या मुलाच्या वेळी नेमकं याच्या उलट वाक्य उराशी धरून त्याची आणि माझी आठ आठवडे झोप उडवली. दोन्ही बाजूंनी ठेचकाळून झाल्यामुळे चार शब्द लिहायचा हक्क घेते आहे.

मुलगी पूर्ण दिवस भरून झाली, वजन २९०० ग्रॅम. रडणं कमी, झोपणं फार. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. चौथ्या रात्री दहाला पाजून ठेवलं ती पहाटे साडेचारपर्यंत हूं नाही की चूं नाही. साडेसहा तास! मी मधे दोनदा जागी झाले, तिच्या पोटावर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघितलं आणि पुन्हा आडवी झाले. सासूबाई दारात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “झोपलीय ना? झोपू दे. नशीबवान आहेस.” मलाही तेच वाटत होतं, उगाच त्यांच्यावर ढकलत नाही. बाळ रात्रभर झोपतं याचा मला चक्क अभिमान वाटला होता. सकाळी फोनवर मैत्रिणीला सांगूनही झालं, ‘फार गुणी आहे गं.’

त्या पहाटे उठले तेव्हा दोन्ही बाजू दगडासारख्या तटल्या होत्या आणि गाऊन भिजला होता. मुलीला जवळ घेतलं, तर इतक्या तटलेल्या छातीला तिला नीट धरताही येईना. चार घोट घेतले, ओठ हलले, थांबले, डोळे मिटले. हनुवटीला बोट लावलं की परत दोन घोट, परत झोप. मला वाटलं, पोट भरलं. सकाळी लंगोट बदलताना त्यावर विटकरी रंगाचा डाग दिसला. रक्तच आहे असं वाटून माझे हातपाय गार पडले. ते रक्त नव्हतं. लघवी फार घट्ट झाली की तिच्यातले युरेट नावाच्या क्षाराचे कण लंगोटावर असे उतरतात. पहिल्या एक-दोन दिवसांत असा डाग दिसला तर फारसं बिघडत नाही, पाचव्या दिवशी मात्र दिसायला नको. मग मागचे लंगोट आठवून मोजायला लागले. आदल्या चोवीस तासांत ओले झालेले फक्त दोन. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ते निदान सहा तरी असायला हवेत, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, आणि स्वतःच्या लेकीच्या नावावर एक नोंद नव्हती.

दवाखान्यात काट्यावर आकडा आला २५७०. डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. ३३० ग्रॅम, म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त. पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचं वजन उतरतं, त्यात पाण्याचा भाग मोठा असतो. सात टक्क्यांच्या आत असेल तर सहसा कोणी घाबरत नाही, दहाच्या जवळ गेलं की डॉक्टर गंभीर होतात. आम्ही दहाच्या पलीकडे होतो. त्यांनी तिच्या छातीवर बोट दाबून उचललं, तर खालची कातडी पिवळी. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा. घरातल्या मंद दिव्यात आम्हा कोणालाच ते दिसलं नव्हतं.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. जुन्या तांबड्या पेशी मोडून तयार होणारा पिवळा रंग, म्हणजे बिलिरुबिन, बाळाच्या शरीरातून मुख्यतः शीवाटे बाहेर पडतो. दूध कमी गेलं की शी कमी होते, आणि आतड्यात रेंगाळलेला तो रंग पुन्हा रक्तात शोषला जातो. कावीळ वाढते. कावीळ वाढली की बाळाला आणखी गुंगी येते. गुंगीतलं बाळ दूध मागत नाही, आणि दूध नाही म्हणून कावीळ आणखी चढते. मी जिला गुणी म्हणत होते ती भुकेली होती आणि भुकेनंच पेंगत होती.

दोन दिवस ती डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली होती. दर दोन तासांनी उठवून पाजणं, पाजून वजन. जन्माच्या वजनाला ती सोळाव्या दिवशी आली. साधारणपणे बाळं दहा ते चौदा दिवसांत येतात. आज ती नऊ वर्षांची आहे, पूर्ण धडधाकट. सकाळी तिला अंथरुणातून उठवणं हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

घरी सोडताना आमच्या हातात दिलेल्या कागदावर ‘दर दोन-तीन तासांनी पाजा’ असं छापलं होतं. तोंडी मात्र सांगितलं होतं, ‘मागेल तेव्हा पाजा.’ आणि मागितलंच नाही तर? हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोनातलं सोयीचं वाक्य मी उचललं. पुढे वाचताना एक गोष्ट सापडली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिगृहांसाठी स्तनपानाची दहा सूत्रं दिली, त्यात आठवं होतं ‘मागणीप्रमाणे पाजा’ अशा अर्थाचं. २०१८ मध्ये ती सूत्रं सुधारली तेव्हा हे सूत्र बदलून ‘बाळाच्या भुकेच्या खुणा ओळखून त्यांना प्रतिसाद द्यायला आईला मदत करा’ असं झालं. माझ्यासारखीला त्या बदलात फार अर्थ दिसतो. मागणं म्हणजे रडणं नव्हे, रडणं ही शेवटची पायरी. त्याआधी बाळ मूठ तोंडाशी नेतं, ओठ चाटतं, मान इकडेतिकडे वळवून गालाशी काही लागतंय का ते शोधतं. माझी मुलगी झोपेत ओठ हलवत होती. मला वाटायचं, स्वप्न पडतंय.

आता दुसरी बाजू. मुलगा झाला तेव्हा मी वहीच घातली. वेळ, कोणती बाजू, किती मिनिटं, शू, शी. मोबाइलवर बारा, तीन, सहा, नऊचे गजर. वजन ३१०० ग्रॅम, उतरलं ते सहा टक्क्यांच्या आत, आणि अकराव्या दिवशी त्यानं जन्माचा आकडा ओलांडला. खरं तर तिथे गजर बंद करायला हवे होते. पण मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, आणि मनात तो विटकरी डाग. गजर चालूच राहिले. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो रात्री तीनला जिभेनं दूध बाहेर ढकलायला लागला. मी त्याचे पाय चोळायची, तो वैतागून रडायचा, मग दोघंही तासभर जागे. एका रात्री सोफ्यावर बसून पाजताना माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो माझा हात आणि सोफ्याची गादी यांच्या फटीत घसरला होता, तोंड गादीकडे. काही झालं नाही. पण बाळाला घेऊन झोप लागण्यासाठी सोफा ही सगळ्यात वाईट जागांपैकी एक आहे, तिथे बाळ गुदमरतं. वजन भरत नाही म्हणून उठवलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे मी त्याला उठवलं होतं ते विनाकारण.

आठव्या आठवड्यात तपासणीला नेलं तर तो भरला ४४०० ग्रॅम. नर्सताईंनी माझी वही चाळली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अहो, हा जन्माच्या वजनापेक्षा तेराशे ग्रॅम वर आहे. याला अजून कशाला उठवताय? भूक लागली तर घर डोक्यावर घेईल की.” घरी आल्यावर गजर काढून टाकले. त्या रात्री तो पावणेपाच तास झोपला. मी मात्र तीनला टक्क जागी, आणि अंथरुण ओलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘उठवा’ आणि ‘उठवू नका’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ वजनकाट्यावर असते. बाळ जन्माच्या वजनाला पोचेपर्यंत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं झालं पाहिजे, आणि एका वेळी चार तासांपेक्षा जास्त झोपू द्यायचं नाही. वजन भरून आलं, पुढे रोज वीस-तीस ग्रॅमनं वाढतंय, लंगोट ओले होताहेत आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला खुशाल झोपू द्यावं. वेळेआधी जन्मलेलं, कमी वजनाचं, कावीळ झालेलं किंवा आईला मधुमेह असलेलं बाळ या हिशेबात बसत नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेच. आणखी एक बारीकशी गोष्ट, जिच्यात मी स्वतः चुकत होते: तीन तास मोजायचे ते आधीचं पाजणं सुरू केल्यापासून, संपल्यापासून नव्हे. पाजण्यात चाळीस मिनिटं गेली तर तेवढा फरक प्रत्येक खेपेला पडतो, आणि दिवसाकाठी एखादं पाजणं हिशेबातून गळतं.

आईचा हिशेबही यात आहे. दूध मागणीवर तयार होतं. छाती तटून राहिली की शरीर समजतं, एवढं लागत नाही, आणि उत्पादन कमी करतं. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रात्रीचं पाजणं गाळणं आईलाही महागात पडतं.

उठवायचंच असेल तर कसं, हे लेखात नव्हतं म्हणून लिहिते. गाढ झोपेतल्या बाळाशी झटापट करण्यात अर्थ नाही. त्याचा हात उचलून सोडा, लुळा पडला तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. नवजात बाळाच्या झोपेचा फेरा साधारण तासाभराचा असतो आणि त्यातली निम्मी झोप हलकी असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चुळबुळतात, बोटं हलतात, तेव्हा पटकन उचलावं. दुपटं सोडावं, लंगोट बदलावा, अंगावरचे कपडे कमी करून उघड्या छातीशी धरावं, वरून पांघरूण घ्यावं. पाठीवर आणि तळपायांवर हात फिरवावा. दूधाचा एक थेंब ओठांवर टेकवावा. मोठा दिवा लावू नये, बाळ उजेडानं डोळे गच्च मिटून घेतं. पिता पिता पेंगलं तर छाती हातानं हळूच दाबून दुधाची धार सुरू करावी, नाहीतर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि बाजू बदलावी. तळपायाला टिचक्या मारणं आणि तोंडावर गार पाणी शिंपडणं हे उपाय मलाही सुचवले गेले होते. दोन्ही करू नयेत, पाण्यानं तर इतकं लहान बाळ पटकन गारठतं. झोपलेल्या बाळाच्या तोंडात आडव्यानं बाटली तर मुळीच देऊ नये, ठसका लागतो.

तेव्हा संपादक महोदय, पुन्हा असा लेख छापाल तेव्हा त्या वाक्याला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन शब्द जोडावेत ही विनंती. आणि एक चौकट जरूर द्यावी, ठळक टाइपात: एवढं करूनही बाळ जागं होत नसेल, उठून पीत नसेल, अंग लुळं वाटत असेल, टाळू खोल गेली असेल, पिवळेपणा वाढत असेल किंवा ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढच्या पाजण्याची वाट न बघता रात्र असली तरी तसंच उठून डॉक्टर गाठावा.

आपली,
एक वाचक, दोन मुलांची आई