नॅचेझला गेलात, तर तिठ्यावरही थांबा

महोदय,

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना मिसिसिपी नदीकाठचे नॅचेझ हे छोटे शहर पाहिले. यादवी युद्धात ते १८६२ मध्ये न लढताच शरण गेले, त्यामुळे उंच खांबांची जुनी घरे अजून धडधाकट उभी आहेत. त्यातला लाँगवूड हा अष्टकोनी वाडा डोळ्यांसमोरून हलत नाही. १८६१ मध्ये युद्ध पेटताच उत्तरेकडचे कारागीर हत्यारे टाकून घरी परतले. ३२ खोल्यांपैकी तळघरातल्या ९ तेवढ्या पूर्ण झाल्या, वरचे मजले आजही उघडे पडलेले आहेत.

ही सारी श्रीमंती कापसाची, आणि कापूस पिकवला गुलामांनी. शहराच्या कडेला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ या तिठ्यावर माणसांचा बाजार भरत असे. इथे पाहायला इमारत नाही, म्हणून बरेच प्रवासी गाडीतूनच पुढे जातात. मला याचे फार वाईट वाटले.

विल्यम जॉन्सन या गुलामीतून मुक्त झालेल्या न्हाव्याचे विटांचे घर मात्र राष्ट्रीय उद्यान सेवेने जपले आहे. त्याने १८३५ पासून १८५१ मध्ये खून होईपर्यंत रोजनिशी लिहिली. पुढे त्याने स्वतःही गुलाम बाळगले होते.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. नॅचेझला गेलात, तर वाड्यांचे फोटो जरूर काढा. पण त्याआधी अर्धा तास त्या तिठ्यावर उभे राहा.

– एक वाचक, सातारा