बुक्का की डाग, हे विचारणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादाच म्हणते. तुम्ही डाग काढून दुरुस्त केलेला आण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोटो हातात आला त्याला आज नऊ दिवस झाले. मधे दोनदा हे पत्र लिहायला बसले आणि दोन्ही वेळा डोळे भरून आले म्हणून उठले.

डिसेंबर १९९५ मधला तो फोटो. गणपतीपुळ्याची वाळू, मागे समुद्र, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून उभे असलेले आण्णा, शेजारी वाळूत हात टेकून बसलेली आई. आण्णांचा प्रवास म्हणजे पंढरपूर. सहलीला म्हणून ते एकदाच बाहेर पडले, तेही आम्ही दोघी बहिणींनी हट्ट धरला म्हणून. आणि तोंड भरून हसतानाचा त्यांचा हा एकच फोटो.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात अल्बम होता, तोही खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकमेकांना चिकटलेले फोटो मी एकेक करून सोडवले. बहुतेकांचा रंगच माझ्या बोटांना लागून आला. फोटोचा रंग जिलेटिनच्या पातळ थरात असतो आणि भिजल्यावर तो थर मऊ पडतो, हे तुम्ही सांगितलंत. तोवर इतकी वर्षं मला माझाच हात जड झाला असं वाटत होतं. हा एक फोटो वाचला, पण डागांसकट. आण्णांच्या खांद्यावर गाळाचा तपकिरी ओघळ, आकाशभर बुरशीचे ठिपके.

आण्णा गेल्यावर भिंतीवर लावायला हाच हवा होता. तुमच्याआधी दोन ठिकाणी दिला होता. पहिल्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून दहा मिनिटांत परत दिला. आण्णांचा चेहरा मेणाचा झाला होता, सुरकुत्या गेल्या, कपाळ लख्ख. कपाळावरचं का पुसलंत विचारलं तर म्हणाले, ‘डाग काढायला दिला होता ना? काढले.’ दुसऱ्यांनी सरळ सांगितलं, एवढं कोण करत बसणार, दोघांना कापून नव्या बॅकग्राउंडवर लावतो, कुठलाही समुद्र निवडा. मी फोटो उचलला आणि जिना उतरले. माझ्या बापाच्या पायाखालची वाळू कोणी अशी बदलू शकतं, याचा राग अजून गेलेला नाही.

आणि मग तुमचा तो फोन. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. ‘ताई, एक विचारायचं होतं. कपाळावर मधोमध काळं दिसतंय, तो डाग आहे की बुक्का? सदऱ्याच्या गळ्याशी माळेचे दोन मणी दिसतात, म्हणून हात लावला नाही.’

मला उत्तर देता येईना. दादा, तुम्ही थांबलात, पुन्हा विचारलं नाहीत, फोनही ठेवला नाहीत. तो बुक्काच होता. आण्णा आंघोळ झाली की पितळी डबीतून बोटाने लावायचे, त्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. पुळ्यालाही ती डबी त्यांच्या खिशात होती. स्क्रीनवर तो बाकीच्या डागांसारखाच एक काळा ठिपका. एका क्लिकवर गेला असता आणि तुम्हाला कोणी बोलही लावला नसता. पण तुम्ही गळ्यापाशी बघितलंत, मणी ओळखलेत आणि विचारलंत.

बाकीचं काम कसं केलंत ते मला पूर्ण कळत नाही. तुम्ही सांगितलंत तेवढं ध्यानात आहे: आकाशातले ठिपके हीलिंग ब्रशने, म्हणजे संगणकावरच्या डाग पुसायच्या साधनाने, चटकन गेले, पण आईच्या बांगड्यांवर कॅमेऱ्याने छापलेली ती नारिंगी तारीख तशी जाईना. बांगडीच्या कडेवर हीलिंग ब्रश फिरवला की शेजारचा रंग आत ओढला जातो आणि सगळं फरकटतं. म्हणून तिथे क्लोन स्टॅम्प घेऊन बांगडीचा शाबूत भाग उचलून एकेक बांगडी जोडलीत. तारखेचे आकडे गेले, पण आईच्या हातातल्या काचेवरची चमक तशीच आहे. पैसे मात्र तीनशेच घेतलेत, वर एक रुपया घेतला नाहीत.

दादा, चांगली माणसं आहेत हे आपण बोलायला म्हणून बोलतो. पण न पाहिलेल्या माणसाच्या कपाळाचा मान राखणारं कोणी भेटलं की छाती भरून येते. हे तुम्हाला कोणी शिकवलं असेल, त्या माउलीलाही माझा नमस्कार सांगा.

फोटो भिंतीवर लागला त्या दिवशी आई खुर्ची ओढून समोर बसली. तिला आता लांबचं नीट दिसत नाही, म्हणून उठून जवळ गेली आणि कपाळावर बोट ठेवून म्हणाली, ‘बुक्का एका बाजूनं पुसटलाय बघ. म्हणजे लाटेत जाऊन आल्यानंतरचा हा फोटो.’ मग त्या लाटेचं सगळं सांगत बसली, आमच्यापैकी कोणालाच माहीत नसलेलं.

तुमची,
सांगलीची ताई