डिस्क टाकून देण्याआधी केबल तपासा
मा. संपादक,
स.न.

एसएसडी आणि हार्ड डिस्कविषयी जे छापून येते, त्यात ‘सेकंदाला इतके मेगाबाइट’ यापलीकडे फारसे काही नसते. तो वेग ज्या तारांवरून मिळवायचा, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. मग डिस्क अडखळू लागली की ती ‘गेली’ असे ठरते, धडधाकट डिस्क भंगारात जाते आणि सदोष केबल नव्या डिस्कला जोडली जाते. हे थांबायला हवे.

जुन्या पाटा जोडणीत (डिस्क संगणकाला रुंद पट्टीने जोडायची आधीची पद्धत) 16 बिट 16 तारांवरून एकदम निघत. वेग वाढवला की ते एकदम पोचत नसत. चाळीस तारांच्या पट्टीत आणखी चाळीस ग्राउंड तारा घालूनही मजल सेकंदाला 133 मेगाबाइटवरच थांबली. तिच्या जागी आलेल्या साटा जोडणीमध्ये तारांच्या दोनच जोड्या असतात, एक पाठवायला आणि एक घ्यायला. जोडीतल्या दोन तारांवर एकच सिग्नल उलटसुलट जातो आणि घेणारी बाजू दोहोंतला फक्त फरक मोजते. दोन्ही तारांवर सारखाच पडलेला बाहेरचा नॉइज त्यामुळे वजा होतो. क्लॉकसाठी (प्रत्येक बिट नेमका कधी वाचायचा ते ठरवणाऱ्या ठोक्यांसाठी) वेगळी तार नाही. ते येणाऱ्या बिटांच्या बदलांवरूनच काढायचे असते. म्हणून 8 बिटांचे 10 करून पाठवतात, म्हणजे सलग पाचांहून अधिक सारखे बिट येत नाहीत. सहा गिगाबिटच्या साटामधून 600 मेगाबाइटच मिळतात ते यामुळे. त्यात फसवणूक नाही.

या वेगाला एक बिट जेमतेम 167 पिकोसेकंद टिकतो. केबलमध्ये त्याची लांबी भरते तीनेक सेंटिमीटर. केबल काटकोनात दुमडली की त्या जागी तिचा 100 ओहमचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) बिघडतो, सिग्नलचा काही भाग परत फिरतो आणि मागून येणारे बिट अस्पष्ट होतात. केबल 1 मीटरहून लांब नको. आतल्या केबलचा कनेक्टर 50 वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते.

बिट चुकला तर सीआरसी (मजकुरासोबत जाणारा पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि मजकूर पुन्हा मागवला जातो. त्यामुळे फाइल सहसा बिघडत नाही, पण संगणक मधेच थिजतो. चुका वाढत गेल्या तर लिंक (डिस्क आणि संगणक यांच्यातली जोडणी) 6 वरून 3 आणि मग 1.5 गिगाबिटवर उतरवली जाते. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ज्यात ठेवते त्या स्मार्ट तक्त्यात 199 क्रमांकाची नोंद (काही प्रोग्रॅममध्ये सी7) याच चुका मोजते. तिचा आकडा लिहून ठेवा, दहा-वीस गिगाबाइटची फाइल कॉपी करा, पुन्हा पाहा. 199 वाढला आणि 5 व 197 (डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदी) स्थिर राहिले, तर आधी केबल बदला, मग पोर्ट, मग पॉवरची जोडणी. केबल बदलल्यावर आकडा शून्यावर येत नाही. तो वाढायचा थांबला की झाले.

एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस या संगणकातल्या वेगवान जोडणीवर चालणाऱ्या एसएसडीच्या स्मार्ट तक्त्यात अशी नोंद नसते. तिथे लिंकची स्थिती पाहावी: चार लेनऐवजी (एक लेन म्हणजे पाठवायची आणि घ्यायची अशा दोन जोड्या) दोन किंवा एकच जुळली असेल, तर बहुधा कार्ड तिरके बसलेले असते किंवा संपर्कपट्ट्यांवर मळ असतो. संगणक बंद करून, वीज काढून कार्ड नीट बसवले की बऱ्याचदा काम भागते. पीसीआय एक्सप्रेस 6.0 मध्ये सिग्नलच्या दोनऐवजी चार पातळ्या आल्या. दोन पातळ्यांतले अंतर एक तृतीयांशावर आले, चुका वाढल्या, म्हणून सीआरसीच्या जोडीला चूक जागीच दुरुस्त करणारी बिटेही द्यावी लागली. म्हणजे पुढे तारा आणि कनेक्टर अधिकच काटेकोर लागणार आहेत.

तेव्हा डिस्कचे परीक्षण छापताना चाचणीच्या वेळी लिंक किती वेगाला आणि किती लेनवर जुळली होती, तेही वेगाच्या आकड्याशेजारी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक हार्डवेअर तंत्रज्ञ