सोळा चिप्सची रॅम शोधून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतल्या आपल्या दुकानात ऐन गर्दीच्या वेळी आपण माझ्या जुन्या संगणकासाठी जो वेळ दिलात, त्याबद्दल नुसते तोंडी आभार मानून माझे समाधान झाले नाही. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण आपण जे समजावून सांगितलेत ते असा संगणक घरी असलेल्या इतरांनाही उपयोगी पडेल.

माझा संगणक २०१० साली सुटे भाग आणून घरीच जुळवलेला आहे. जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या चिप्सचा) मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर आणि एक-एक जीबीच्या दोन डीडीआर३ प्रकारच्या रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या. पत्रव्यवहाराला तो पुरत होता; परंतु आमच्या वाचनालयाची जुनी हस्तलिखिते स्कॅन करण्याचे काम मी अंगावर घेतले आणि त्याची दमछाक होऊ लागली. ए४ आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केले की साठवलेली फाइल लहानशी दिसते, मात्र डाग काढण्यासाठी ती उघडताच मेमरीत सुमारे २५ एमबी जागा व्यापते, आणि ६०० डीपीआयला ती जागा चौपट होते. अशी काही पाने एकदम उघडली की माउसचा बाणसुद्धा जागचा हलत नसे.

आपल्याकडे येण्यापूर्वी एका दुकानातून मी चार जीबीची रॅम घेतली होती. ती नवी कोरी होती, डीडीआर३च होती, खाचही बरोबर जुळत होती. तरीही ती बसवली की पडदा काळाच राहायचा आणि कॅबिनेटमधून लांब बीप ऐकू यायचे. बोर्ड निकामी झाला आहे, आता नवा संगणकच घ्या, असे मला तिथे सांगण्यात आले. आपण ती रॅम हातात घेऊन उलटसुलट पाहिलीत आणि बोटाने चिप्स मोजल्यात. एका बाजूला आठ, दुसरी बाजू रिकामी. “या बोर्डाला सोळावाली लागते,” असे आपण म्हणालात, आणि मी विचारण्याआधीच पाठकोऱ्या कागदावर त्याचे गणित मांडून दाखवलेत.

जी४१ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप हाताळता येते. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून चार जीबी (गिगाबाइट) म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणजे अशा सोळा चिप्स हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. तेवढीच मेमरी आठ चिप्समध्ये बसवली की प्रत्येक चिप ४ गिगाबिटची होते आणि तिथे या चिपसेटचे हात टेकतात. रॅमही चांगली आणि बोर्डही चांगला, फक्त दोघांचे जमत नाही, हे कळले तेव्हा मला किती हायसे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. रॅम विकताना जीबीच्या आकड्याबरोबर चिप्सची संख्याही सांगण्याची पद्धत असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

वापरलेल्या रॅमच्या डब्यातून आपण सोळा चिप्सच्या दोन रॅम शोधून काढल्यात, त्यांचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसलेत आणि मेमटेस्ट या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामची पूर्ण फेरी निर्दोष पार पडल्याशिवाय त्या माझ्या हाती दिल्या नाहीत. त्या १३३३ वेगाच्या असल्या तरी या प्रोसेसरबरोबर १०६६नेच चालतील, त्यामुळे जास्त वेगाच्या रॅमवर पैसे घालवू नका, हेही आपण आपणहून सांगितलेत. दुकानदार असूनही कमी खर्चाचा मार्ग दाखवण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या संगणकावर विंडोजची ३२-बिट आवृत्ती होती, हेही आपल्याच लक्षात आले. तिला मेमरीतल्या जागांचे ४ जीबीपलीकडचे पत्ते वापरता येत नाहीत आणि त्यांतलेही काही ग्राफिक्स व इतर उपकरणांकडे जातात. म्हणजे आठ जीबी बसवूनही निम्म्याहून जास्त मेमरी वाया गेली असती. प्रोसेसर मुळातच ६४-बिट असल्यामुळे आपल्या सल्ल्याने मी विंडोजऐवजी लिनक्स या कार्यप्रणालीची ६४-बिट आवृत्ती घातली. आता आठही जीबी कामी येतात, आणि पिवळ्या पडलेल्या पानावरची फिकट शाई गडद करताना शेजारी मूळ पान उघडे ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहता येते.

माझ्या एक-एक जीबीच्या दोन्ही जुन्या रॅम चालू स्थितीत आहेत. बुधवार पेठेत पुन्हा येणे होईल तेव्हा त्या आपल्याकडे देईन. एखादा बंद पडलेला संगणक तपासताना त्या आपल्या कामी येतील.

आपली कृतज्ञ,
एक वाचनालय कार्यकर्ती