काकूंच्या वाणसामानाचा हिशेब

रत्नागिरी,
14 मे 2026

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, "आईचं वाडीतल्या दुकानातलं खातं बंद करू का? महिन्याचं सगळं शहरातल्या मार्टमधूनच भरलं तर स्वस्त पडेल ना?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. एका अर्थी बरंच झालं. त्या क्षणी मी "हो, पडेल" म्हणून मोकळा झालो असतो. नंतर वाटलं, काकूंच्या घरचा प्रश्न आहे, अंदाजाने बोलू नये. म्हणून त्यांच्याकडे गेलो, कॅलेंडरच्या मागे त्यांनी लिहिलेली यादी उतरवून घेतली आणि तीच यादी घेऊन पाच दुकानांत फिरलो. शहरातलं एक सुपरमार्केट, हायवेजवळचं मोठं मार्ट, रामआळीतली दोन जुनी दुकानं आणि आपल्या वाडीतलं दुकान. जुन्या वहीतले भाव घेतले नाहीत. गेल्या वर्षी 22 सप्टेंबरला साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, तुपावरचा 12 वरून 5 वर, त्यामुळे त्याआधीच्या भावांशी तुलना करण्यात अर्थ नव्हता.

आधी थेट आकडा सांगतो. काकूंची एका महिन्याची यादी, तोच माल, तेवढंच वजन: मोठ्या मार्टमध्ये 2,318 रुपये, वाडीतल्या दुकानात 2,527. म्हणजे मार्ट 209 रुपयांनी स्वस्त. तुझा अंदाज चुकीचा नव्हता.

पण आता काकू तिथे जाणार कशा, ते बघ. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एसटीला तिकीट नाही, 2022 पासून ती सवलत आहेच. स्टँडवरून मार्टपर्यंत रिक्षा 60, परत 60, आणि गावच्या फाट्यापासून घाटी चढून घरापर्यंत पिशव्या न्यायला आणखी 50. झाले 170. उरले 39 रुपये. त्या 39 रुपयांसाठी दहा-बारा किलोचं ओझं घेऊन गुडघे दुखणारी बाई एसटीच्या पायऱ्या चढणार. मला ते पटत नाही, आणि तुलाही पटणार नाही.

मी जातो तेव्हा त्यांचं आणीनच, तो प्रश्न नाही. पण काय आणायचं आणि काय नाही हे या फिरण्यात माझ्या नीट लक्षात आलं. दुकान स्वस्त किंवा महाग नसतं रे, जिन्नस स्वस्त किंवा महाग असतो. मार्टमध्ये तेलाची पिशवी वाडीपेक्षा 9 रुपयांनी कमी, चहाचा अर्धा किलोचा पुडा 22 रुपयांनी कमी, धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण हेही कमी. हे भाव आपल्याला तोंडपाठ असतात, म्हणून तिथेच ते उतरवतात. तूरडाळ मात्र मार्टमध्ये पाकिटातली 134, वाडीत सुटी 138 आणि रामआळीत तशीच सुटी 128. शेंगदाणे मार्टमध्ये 139, रामआळीत 132. पोहे तर वाडीतच 2 रुपयांनी स्वस्त निघाले. पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही, हेही त्यामागचं एक कारण. आणि कुळथाचं पीठ! मार्टमध्ये पाव किलोच्या चकचकीत पाकिटाला जेवढे पैसे, तेवढ्यात आपल्याकडच्या बचत गटाच्या बायका अर्धा किलो देतात, तेही भाजून दळलेलं. उकडे तांदूळ तर मला दोन्ही मार्टमध्ये दिसलेच नाहीत. काकू दुसऱ्या तांदळाची पेज पीत नाहीत हे तुला माहीत आहे.

मार्टच्या बिलाखाली ठळक अक्षरांत छापलेलं असतं, "तुमची बचत 412 रुपये". मी ते बिल घरी आणून एकेक ओळ तपासली. ही बचत छापील किमतीपासून मोजलेली असते. ज्या डाळीच्या पाकिटावर 195 छापलंय ती 134 ला दिली की 61 रुपये "बचत". पण 195 ला ती डाळ इथे कुणीच विकत नाही. वाडीतला दुकानदारही साबण-बिस्किटं छापील किमतीपेक्षा रुपया-दोन रुपये कमी लावतो, फक्त ते कुठे छापत नाही.

वजनाकडे तर मी मुद्दाम बघायला लागलोय. एकाच फळीवर तेलाच्या दोन पिशव्या होत्या, लांबून सारख्याच. एक 1 लिटर, 158 रुपये. दुसरी 146. शेजारची बाई 146 वाली उचलत होती. उलटी करून वाचली तर आत 850 मिली. म्हणजे लिटरला जवळजवळ 172 पडले. त्यांना दाखवलं तेव्हा त्या बिचाऱ्या थबकल्याच, म्हणाल्या, "गेले चार महिने हीच नेतेय." पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा वस्तू ठरावीक वजनातच भरायच्या असा नियम होता, तो काही वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बदल्यात पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापणं सक्तीचं झालं. ती छापलेली असते, अगदी बारीक. पण किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमची असते आणि किलोच्या वरच्यावर किलोची. धुण्याच्या पावडरीच्या 4 किलोच्या पोत्यावर "118.00 प्रति किलो" आणि अर्ध्या किलोच्या पुड्यावर "0.11 प्रति ग्रॅम". हजाराने गुणलं की 110. लहान पुडाच स्वस्त! मोठं घेतलं की स्वस्त पडतं हे आपण आईवडिलांकडून शिकलो, ते आता प्रत्येक वेळी खरं नाही. काकूंना चष्मा लावूनही ती अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या यादीत प्रत्येक जिनसापुढे मी वजन आणि भाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलाय.

एका ठिकाणी फळीवर 142 ची चिठ्ठी आणि बिलात 149 लागले. नाव लिहीत नाही. वीस मिनिटं काउंटरवर उभा राहिलो, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लावतो म्हटलं, तेव्हा फरक परत मिळाला. सात रुपयांसाठी वीस मिनिटं, पण माझ्या मागे रांगेत दहा पिशव्या होत्या आणि त्यांच्याही बिलात तेच सात रुपये असणार.

आता पावसाचं. तू मुंबईत राहून विसरला असशील, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर घाऊक साठा म्हणजे जोखीम. "दोन किलोवर एक फुकट" म्हणून गेल्या वर्षी मी रवा आणला आणि श्रावणाआधीच त्यात जाळी धरली, अळ्या झाल्या. तीन किलो रवा कोंबड्यांना. डाळीला उन्हं दाखवून बिब्बे घालून ठेवलं तर टिकते, तिखटात हिंगाचे खडे घालतो, पण रवा, मैदा, बेसन पावसात महिन्याच्या वर ठेवू नये. त्यामुळे सवलतीच्या पाटीवर जाऊन काकूंसाठी काही भरू नकोस. मीठ, डाळ, मिरची, सुका जवळा, काडेपेटी, एवढीच आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी पुरे.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या जुलैत तीन दिवस वीज नव्हती, वाटेवर आंब्याचं झाड आडवं पडलं होतं. शहरातून घरपोच सामान देणाऱ्यांनी फोनवर सरळ "येता येणार नाही" म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे पोचलो तर ओटीवर वाडीतल्या दुकानदाराचा मुलगा उभा होता, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. शर्टाच्या आत पोटाशी धरून आणलेली चहापत्तीची पुडी, दोऱ्याने बांधलेली, कोरडी ठणठणीत. बरोबर मेणबत्त्या, साखर. काकूंनी काही मागवलंच नव्हतं. त्याच्या वडिलांनी वहीत बघितलं, आजींचा चहा संपायला आला असेल, आणि पोराला पाठवलं. पैसे पुढच्या महिन्यात वहीवर चढले, जेवढे नेहमी चढतात तेवढेच.

म्हणून मी परवा वाडीतल्या दुकानदारांकडे जाऊन बसलो आणि मोकळेपणाने सगळे आकडे समोर ठेवले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वही घेतली, प्रत्येक भाव वाचला आणि म्हणाले, "मी अर्धी अर्धी गोणी उचलतो, मला भाव कोण देणार? तुम्ही चार घरांनी यादी आधी दिलीत तर मी पूर्ण गोणी घेईन." तुझ्या पार्ल्याच्या मावशी ग्राहक पंचायतीच्या संघात होत्या ना, महिन्याचा फॉर्म भरायचा, सगळ्यांचं सामान एका घरी उतरायचं आणि मग वाटायचं? 1975 पासून मुंबईत ते चाललंय. मी तेच त्यांना समजावून सांगितलं. ठरलं असं: वाडीतली पाच घरं यादी देणार, ते रामआळीतून घाऊक भावाने साखर, डाळ, शेंगदाणे आणणार, टेम्पोभाड्यासाठी किलोला 2 रुपये वर. तूरडाळ अशी 130 च्या आसपास बसेल. तेल, चहा, साबण मी दोन महिन्यांतून एकदा मार्टमधून आणीन. बाकी सगळं काकूंच्या खात्यावर, आहे तसं.

तेव्हा खातं बंद करू नकोस. दुकानदाराला तुझा एक फोन कर, त्यांना बरं वाटेल.

टेम्पो पुढच्या शुक्रवारी जातोय, मृगाच्या आत सगळं घरात यायला हवं. त्याआधी दोन गोष्टी कळव. काकूंना डॉक्टरांनी कुठलं तेल सांगितलंय, शेंगदाण्याचं की सूर्यफुलाचं? त्या मला दोन वेळा दोन वेगळी नावं सांगतात. आणि तू गणपतीला किती दिवस येणार, कारण त्या आत्ताच यादीत पाच किलो गूळ लिहून बसल्यात आणि माझं ऐकत नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच