फोन तुझ्यापर्यंत का पोहोचत नाही

पुणे,
रविवार, सायंकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप परवा मिळाला. दुकानाच्या पाटीवर जो नंबर लिहिला आहे, त्यावर गेले तीन आठवडे फोन येणे जवळजवळ थांबले आहे. तुझ्याकडून फोन लागतात, इंटरनेट चालते, व्हॉट्सअॅपचे कॉलही येतात, आणि तरीही कडेगावकडचा शेतकरी बाजारात भेटल्यावर म्हणतो की चार वेळा फोन केला, लागला नाही, म्हणून पाण्याची मोटार दुसरीकडे भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्यायला, टाकली. हे वाचून मला फार वाईट वाटले. उसाची पाण्याची पाळी आलेली असताना मोटार जळली, तर शेतकरी एक दिवसही थांबू शकत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. पण पंचवीस वर्षे हाताने तार गुंडाळून तू जे नाव मिळवलेस, ते एका न वाजलेल्या घंटीपायी जावे, हे मला सहन होत नाही. पत्र समोर ठेवून तुला एकेक गोष्ट तपासता यावी, म्हणून सविस्तर लिहितो.

मी दूरध्वनी केंद्रात होतो तेव्हा बिघाडाच्या तक्रारी १९८ वर नोंदल्या जात. तक्रार हातात आली की खांबावर चढण्याआधी आम्ही त्या नंबरावर स्वतः फोन लावून ऐकत असू. घंटी जाते आहे, एंगेज येते आहे, की नुसती शांतता आहे, एवढ्यावरून दोष केंद्रात, तारेत की घरातल्या यंत्रात, हे निम्मे तरी खुर्चीत बसूनच कळत असे. मोबाइलचेही तेच आहे. ज्याला फोन येत नाही, त्याला स्वतःच्या हातातल्या फोनमध्ये काहीच वावगे दिसत नाही. जे काही कळायचे ते फोन करणाऱ्याच्या कानाला कळते. तुझ्या भाच्याने तीन आठवडे सेटिंग उलटसुलट करून पाहिली, फोन दोनदा बंद-चालू केला, पण फोन करणाऱ्यांपैकी एकालाही "तुम्हाला नेमके काय ऐकू आले?" असे कोणी विचारले नाही. माझ्या मते चूक तिथेच झाली.

म्हणून काल मी स्वतः तुला तीन वेळा फोन केला. पहिला सकाळी अकराला, शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून, कारण तो नंबर तुझ्याकडे साठवलेला नाही. पूर्ण घंटी गेली, कोणी उचलला नाही. लगेच माझ्या नंबरावरून लावला, तर दुसऱ्या घंटीला तू उचललास, आणि आधी काही वाजलेच नाही असे म्हणालास. पण मिस्ड कॉलच्या यादीत शेजाऱ्यांचा नंबर तुला सापडला. तिसरा फोन दुपारी साडेतीनला, पुन्हा माझ्याच नंबरावरून केला. या वेळी घंटी गेलीच नाही, फोन बंद असल्याची सूचना ऐकू आली, आणि संध्याकाळी तू सांगितलेस की त्या वेळी फोन चालूच होता, दुसऱ्या सिमवरून मिरजेच्या व्यापाऱ्याला तांब्याच्या तारेची ऑर्डर देत होतास. या तीन फोनांवरून मला एवढे कळले की तुझ्या फोनला एक नव्हे, दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही एकत्र झाल्यामुळे कोणाला धागा सापडला नाही.

पहिले दुखणे असे की कॉल तुझ्या फोनपर्यंत व्यवस्थित पोहोचतो, पण फोन तो तुला ऐकवत नाही. पलीकडे पूर्ण घंटी गेली आणि कॉल मिस्ड कॉलमध्ये नोंदला गेला, याचा अर्थ टॉवर, सिम आणि कंपनी यांचा त्यात काहीही दोष नाही. साठवलेल्या नंबराचा फोन वाजतो आणि अनोळखी नंबराचा वाजत नाही, यावरून माझा संशय थेट "डू नॉट डिस्टर्ब" म्हणजे डीएनडीवर जातो. कर्ज देणाऱ्यांच्या फोनांनी हैराण झालास म्हणून भाच्याने डीएनडी लावून दिल्याचे तू दिवाळीत म्हणाला होतास. या एका शब्दाने पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून नीट सांगतो. एक डीएनडी आहे ते ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाखालचे. त्याची नोंद १९०९ वर होते, आणि त्याने फक्त जाहिरातीचे फोन व संदेश अडवले जातात, शेतकऱ्याचा साधा फोन अडत नाही. दुसरे डीएनडी फोनमधले. ते चालू केले की फोन मुका होतो, आणि अपवाद म्हणून फक्त संपर्क यादीतल्या लोकांना परवानगी दिली असेल, तर नवे गिऱ्हाईक कायमचे बाहेर राहते. तुझ्या धंद्यात नवे गिऱ्हाईक म्हणजे अनोळखी नंबरच.

तेव्हा सेटिंगमध्ये डू नॉट डिस्टर्ब उघड, ते बंद कर, आणि त्याच्या आत वेळापत्रक ठेवले आहे का तेही पाहा. कारण हाताने बंद केलेले डीएनडी ठरलेल्या वेळी आपोआप पुन्हा चालू होते आणि माणसाला वाटते की उपाय चालला नाही. रात्रीपुरते ते ठेवायचेच असेल, तर पंधरा मिनिटांत त्याच नंबरावरून दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू द्यावा असा अपवाद अँड्रॉइडमध्ये असतो, तो चालू ठेव; अडचणीतला माणूस लागोपाठ दुसरा फोन करतोच. त्यानंतर फोनच्या अॅपमध्ये जाऊन ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी पाहा, आणि "अनोळखी नंबर ब्लॉक करा" अशी कळ चालू असेल तर ती बंद कर. कोणाचा फोन आहे ते सांगणारे एखादे अॅप भाच्याने टाकले असेल, तर त्यालाही स्वतःहून कॉल तोडण्याचे अधिकार दिलेले असू शकतात, तेही बघून घे. वहिनींचा आयफोन आहे ना, त्यात हीच गोष्ट "सायलेन्स अननोन कॉलर्स" या नावाने २०१९ मध्ये आली. कर्जवाल्यांचा त्रास थांबवायचा असेल तर १९०९ वर नोंद कर. तो योग्य मार्ग आहे.

दुसरे दुखणे साडेतीनच्या फोनचे. दोन सिमच्या बहुतेक फोनांत दोन्ही सिम थांबलेल्या अवस्थेत जागी असतात, पण बोलण्यासाठी रेडिओ एकच असतो. एका सिमवर बोलणे चालू झाले की दुसऱ्या सिमकडे येणारी हाक ऐकायला कोणी उरत नाही, आणि फोन करणाऱ्याला "बंद आहे" किंवा "संपर्काबाहेर आहे" असे ऐकू येते. तू दिवसातून किती वेळ दुसऱ्या सिमवर बोलतोस ते कालच्या कॉलच्या यादीत मिनिटे मोजून पाहा. तेवढा वेळ तुझ्या दुकानाची पाटी नुसती रंगवलेली आहे असे समज. यावर सोपा उपाय असा की व्यापाऱ्यांशीही पाटीवरच्याच नंबरावरून बोलावे आणि त्या सिमवर कॉल वेटिंग चालू ठेवावे. म्हणजे बोलत असताना शेतकऱ्याचा फोन आला तर कानात टूक टूक वाजेल आणि पडद्यावर नंबर दिसेल. दुसरा उपाय, पाटीवरचे सिम काढून एखाद्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून तो दुकानातच ठेवावा. मात्र ते सिम जिओचे असेल तर फोन ४जीचाच लागेल, कारण ते जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यात २जी नाहीच.

आता तू म्हणशील की दुसऱ्या सिमवर बोलत नसतानाही कधीकधी फोन लागत नाही, असे लोक सांगतात. तेही खरे असू शकते, आणि त्याचे कारण मला स्वतःला फार जड जाऊन कळले. तुला हे सगळे पूर्वी सांगितले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आई गुहागरकडच्या घरी पडवीच्या पायरीवरून घसरली. रात्रीचे साडेदहा वाजले होते, पाऊस कोसळत होता. काकीने मला सहा वेळा फोन केला. माझा फोन उशाशी होता, आवाज पूर्ण होता, डीएनडी नव्हते, आणि तो एकदाही वाजला नाही. सकाळी सहाला दुधाची पिशवी घ्यायला दाराशी आलो, तेव्हा खिशातल्या फोनवर मिस्ड कॉलचे सहा संदेश एकामागून एक येऊन पडले. प्रत्येकावर रात्रीची वेळ होती. मनगट मोडले होते, एवढ्यावरच निभावले. पण ते सहा संदेश वाचताना दारातच माझे पाय गळाले.

मग मी जुन्या सवयीप्रमाणे काकीला पहिला प्रश्न विचारला, काय ऐकू आले? तिने सांगितले, संपर्क क्षेत्राबाहेर. घरात बसून संपर्काबाहेर कसा, याचा मी आठवडाभर छडा लावला. आमच्या मागच्या खोलीत वायफाय जेमतेम पोहोचते, आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायमार्गे साधे फोन घेण्याची सोय, चालू होते. तू स्वतः फोन लावतोस तेव्हा फोन जागा होऊन वाट शोधतो, म्हणून जाणारा कॉल जवळजवळ नेहमी लागतो. येणाऱ्या कॉलचे तसे नाही. तिथे जाळ्याला तुला शोधावे लागते, आणि ते आपल्या वहीत पाहते की हा फोन शेवटी कोठून बोलला होता. माझ्या फोनची नोंद वायफायमार्गे झालेली होती; वायफाय तुटत-जुळत राहिले, फोनला वाटे की आपण जोडलेले आहोत, आणि जाळे त्या तुटक्या वाटेनेच हाक मारत राहिले. दाराशी आलो तेव्हा फोनने टॉवर धरला, नवी नोंद झाली, आणि अडकलेले संदेश आले. मी वायफाय कॉलिंग बंद केले, व्होल्टे (४जी टॉवरवरून बोलण्याची सोय) चालू ठेवले, आणि त्यानंतर असे एकदाही झालेले नाही.

तुझ्या दुकानाला पत्र्याचे छप्पर आहे आणि आतल्या खोलीत वायफायचा डबा आहे, म्हणून तुझ्या बाबतीतही हे घडत असेल असे मला वाटते. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर वायफाय कॉलिंगची कळ प्रत्येक सिमसाठी वेगळी असते; पाटीवरच्या सिमसाठी ती बंद कर आणि व्होल्टेची कळ चालू आहे ना ते पाहा. फ्लाइट मोड अर्धा मिनिट लावून काढला की फोन जाळ्यात नव्याने नोंदला जातो; त्यानंतर काही तास फोन नीट येऊन पुन्हा थांबले, तर नोंद शिळी होण्याचेच दुखणे आहे असे समज. रिचार्जची मुदत संपली असेल तर काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात, पण तुझ्याकडून फोन लागत आहेत, म्हणून तो प्रश्न नाही.

एक गोष्ट मात्र आजच्या आज कर. पाटीवरच्या सिमवरून *#२१# लाव. कॉल दुसऱ्या एखाद्या नंबराकडे वळवलेले असतील तर ते पडद्यावर दिसेल. कुरिअरच्या किंवा बँकेच्या नावाने फोन करून, *४०१* पासून सुरू होणारा आकडा लोकांकडून लावून घेऊन त्यांचे कॉल आपल्याकडे वळवण्याचा प्रकार इतका वाढला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा आकड्यांनी कॉल वळवणे स्थगित केले. तरीही खात्री करून घे, कारण वळवलेल्या कॉलवरून ओटीपीही ऐकता येतो. अनोळखी नंबर दिसला तर ##००२# लावून सगळे वळवणे रद्द कर, बँकेला कळव, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरावर लगेच तक्रार कर. फोन उचलला नाही किंवा बंद असला तर कॉल कंपनीच्याच मिस्ड कॉल सेवेकडे वळवलेला असणे ही वेगळी गोष्ट आहे. ते दिसले तर घाबरू नकोस.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर पाटीवरचे सिम वहिनींच्या फोनमध्ये एक दिवस घाल आणि त्यांचे तुझ्या फोनमध्ये. दोष सिमबरोबर गेला तर सिम बदल. ते फार जुने आहे आणि मोठ्या सिमचे कात्रीने लहान केलेले आहे, हे माझ्या लक्षात आहे. दोष फोनमध्येच राहिला तर नेटवर्क सेटिंग रिसेट कर; फोटो आणि नंबर जात नाहीत, वायफायचे पासवर्ड पुन्हा घालावे लागतात आणि ब्लूटूथ पुन्हा जोडावे लागते. नवे सिम घेतलेस तर आधार कार्ड घेऊन स्वतः जा, आणि चालू झाल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत हे लक्षात ठेवून त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नकोस. कंपनीकडे तक्रार केलीस तर तिचा क्रमांक लिहून घे, कारण पुढे अपील करायची वेळ आली तर तो लागतो.

गुरुवारी मी पुन्हा तीन फोन करतो: सकाळी अकराला शेजाऱ्यांच्या नंबरावरून, दुपारी साडेतीनला माझ्या नंबरावरून, आणि रात्री आठला आईच्या फोनवरून. तू कोठे होतास, वायफाय चालू होते का, दुसऱ्या सिमवर बोलत होतास का, एवढे वेळेसह एका कागदावर लिही. मला काय ऐकू आले ते मी लिहून ठेवतो. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू. तोवर पाटीखाली खडूने दुसरा नंबरही लिहून ठेव.

आईचे मनगट आता पुरते बरे आहे, आणि रात्री आठचा फोन तिला स्वतः लावायचा आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र